बंद दिव्याचा मंद उजेड

बटण बंद केले की दिवा विझतो, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की तसे घडले नाही तर घरात कुजबुज सुरू होते. रात्री सगळे दिवे मालवल्यावर पडवीतला एलईडी दिवा काजव्यासारखा लुकलुकतो, किंवा वात बारीक केलेल्या चिमणीइतका मंद जळत राहतो. आपोआप लागणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांतही कधीकधी हाच प्रकार दिसतो. दिवसा ऊन असताना तो कुणाच्या ध्यानात येत नाही. पण आभाळ भरून आले की ‘बंद’ असलेला दिवा मिणमिणताना दिसतो. कोणी म्हणते दिवा खराब आहे, कोणी म्हणते वीज चोरीला जाते आहे, तर कोणी भुताटकीपर्यंत पोहोचते.

या मंद उजेडाची कारणे तीन-चार आहेत. त्यांतली काही निरुपद्रवी आहेत आणि एक जिवावर बेतणारे आहे. दिव्याकडे नुसते पाहून त्यांतला फरक कळत नाही, म्हणून हा विषय शिक्षकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. विशेषतः डहाणू-तलासरीसारख्या भागात. पावसाळ्याचे चार महिने भिंती आणि जमीन ओल धरून असतात, किनाऱ्याकडच्या गावांत खाऱ्या हवेने तारांचे जोड गंजतात, आणि नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या भूकंपाच्या धक्क्यांच्या मालिकेत कितीतरी घरांच्या भिंतींना तडे गेले. अशा ठिकाणी ‘बटण बंद आहे’ या तीन शब्दांवर किती विश्वास ठेवायचा, हे शास्त्रानेच ठरवले पाहिजे.

सुरुवात थोडी मागून करू.

ठिणगी कुठून येते?

बटण असो वा रिले, दोन धातूंची टोके एकमेकांना टेकली की प्रवाह सुरू होतो आणि दूर गेली की तुटतो. रिले म्हणजे विजेने चालणारे बटण. वेटोळ्यात थोडासा प्रवाह सोडला की ते लोहचुंबक बनून एक पट्टी ओढते आणि ती पट्टी मोठ्या प्रवाहाची टोके जुळवते. फोटोसेल, टायमर, पाण्याच्या टाकीची पातळी ओळखणारे यंत्र, मोबाइलवरून पंप चालू करणारी पेटी, अशा अनेक साधनांत शेवटचे काम एखादी रिलेच करते.

रिलेच्या पुढे साधा तंतूचा दिवा जोडलेला असेल तर तिला फारसा त्रास होत नाही. पण पंपाच्या स्टार्टरचे वेटोळे, पंख्याची मोटर किंवा जुन्या ट्यूबलाइटचा चोक जोडला तर गोष्ट बदलते. वेटोळ्यातून प्रवाह वाहत असताना त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. टोके अलग होताच प्रवाह एकदम शून्यावर यायला पाहतो. वेटोळे त्याला विरोध करते. प्रवाह जितक्या झपाट्याने बदलावा तितके मोठे विभवांतर वेटोळ्याच्या टोकांवर निर्माण होते. फॅरडेचा हा नियम आपण नववी-दहावीपासून शिकवतो. २३० व्होल्टच्या मंडलात हे विभवांतर क्षणभर हजार व्होल्टांच्याही पुढे जाऊ शकते. नुकत्याच अलग झालेल्या टोकांमधली केसाएवढी फट ते सहज ओलांडते आणि ठिणगी पडते.

ठिणगी लहान असली तरी तिच्या जागी धातू वितळण्याइतके तापमान असते. टोके खाचतात, काळी पडतात, आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. मग रिलेला कितीही ‘सोड’ म्हटले तरी ती सोडत नाही. शिवाय प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओलहरी बाहेर पडतात. शेजारी मध्यम लहरींचा रेडिओ लावलेला असेल तर बटण उघडताना ‘खर्र’ असा आवाज येतो, तो याच लहरींचा.

फिझोची युक्ती

या ठिणगीवरचा उपाय विजेचे दिवे घरोघर येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आपण प्रकाशाच्या वेगासंदर्भात घेतो. त्याने १८४९ साली दातेरी चाकाच्या साहाय्याने तो वेग मोजला होता. त्याच फिझोने १८५३ साली प्रवर्तन वेटोळ्याच्या प्रवाह तोडणाऱ्या टोकांना समांतर एक धारित्र, म्हणजे वायरमनच्या भाषेतला कंडेन्सर, जोडला. त्यामुळे टोकांवरची ठिणगी कमी झाली आणि प्रवाह अधिक झटपट तुटू लागल्याने दुय्यम वेटोळ्यातली ठिणगी उलट लांब झाली. जुन्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत रुमकॉर्फचे प्रवर्तन वेटोळे अजून पाहायला मिळते. त्याच्या लाकडी बैठकीत दडवलेला चपटा धारित्र तो हाच.

धारित्र काय करतो? टोके उघडली की वेटोळ्यातल्या प्रवाहाला तो दुसरी वाट देतो. प्रवाह फट ओलांडण्याऐवजी धारित्रात शिरतो आणि त्याला भारित करू लागतो. विभवांतर एकदम न उसळता चढत जाते, आणि ते चढेपर्यंत टोके पुरेशी दूर गेलेली असतात. मग ठिणगीला उडी घेता येत नाही.

एक अडचण मात्र उरते. भारित धारित्राची दोन टोके रिले मिटताना एकमेकांना जोडली जातात आणि साठलेला भार क्षणात त्यांच्यातून धावतो. २३० व्होल्ट ही झाली परिणामी व्होल्टता. शिखरावर ती ३२५ व्होल्ट असते. वाटेत काही रोध नसेल तर हा क्षणिक प्रवाह इतका मोठा होतो की ज्या टोकांना वाचवायचे तीच भाजून निघतात. म्हणून धारित्राच्या एकसरीत एक लहान रोध घालतात. १०० ओहमचा रोध घातला तर क्षणिक प्रवाह ३२५ भागिले १००, म्हणजे सव्वातीन अँपिअरपलीकडे जात नाही.

रोध आणि धारित्र यांच्या या जोडगोळीला ‘स्नबर’ म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ आहे दोराला खुंटाभोवती वेढा देऊन हिसका न बसू देता थोपवणे. किनाऱ्याला लागणारी होडी कोळी एकदम अडवत नाहीत. दोराला वेढा देऊन तो घसटत सोडतात आणि होडी हळूहळू थांबते. वेटोळ्यातल्या प्रवाहालाही स्नबर असाच थोपवतो.

बाजारात मिळणाऱ्या रिलेच्या पट्ट्यांवर बहुधा ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र आणि १०० ओहमच्या आसपासचा रोध असतो. एक जुना ठोकताळाही आहे. तोडायच्या प्रवाहाच्या अँपिअरमधल्या आकड्याचा वर्ग करून त्याला दहाने भागले की मायक्रोफॅरडमध्ये धारित्राचे मान मिळते. एक अँपिअरला ०.१ मायक्रोफॅरड, हे त्यावरूनच.

बंद दारातून गळणारा प्रवाह

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्नबर टोकांना समांतर असतो, म्हणजे रिले उघडी असतानाही तो तारेच्या दोन तुकड्यांना जोडून उभा असतो. एकदिश प्रवाह असता तर धारित्र एकदा भारित होऊन गप्प बसला असता. पण आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात धारित्र भारित होतो, रिकामा होतो, उलट भारित होतो, पुन्हा रिकामा होतो. भाराच्या या येरझाऱ्या म्हणजेच प्रवाह.

तो किती? धारित्राचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा म्हणजे १ भागिले (२ × ३.१४ × वारंवारिता × धारिता). ०.१ मायक्रोफॅरड आणि ५० हर्ट्झ घातले की उत्तर सुमारे ३१,८०० ओहम येते. २३० व्होल्टला त्याने भागले की प्रवाह मिळतो ७.२ मिलिअँपिअर. १०० ओहमचा रोध ३१,८०० पुढे नगण्य आहे, त्यामुळे गळतीचे मान केवळ धारित्र ठरवतो. धारिता दुप्पट केली की गळती दुप्पट. ०.२२ मायक्रोफॅरडला सुमारे १६, ०.०४७ ला ३.४, आणि ०.०१ ला ०.७ मिलिअँपिअर.

ही ‘गळती’ आणि जमिनीत जाणारी गळती यांची गल्लत करू नये. स्नबरमधून गेलेला प्रवाह दिव्यातून जाऊन न्यूट्रलनेच परततो. फेज आणि न्यूट्रल यांच्यातला समतोल बिघडत नाही. म्हणून घरात आरसीसीबी बसवलेली असली तरी ती या गळतीने पडत नाही. जमिनीकडे जाणारी वाट मिळाली, तरच तिला काही कळते.

जुना दिवा गप्प, नवा दिवा बोलका

मग हा उजेड पूर्वी का दिसत नव्हता? स्नबर तर जुनेच आहेत. उत्तर दिव्यात आहे.

६० वॅटच्या तंतूच्या दिव्याचा रोध पेटल्यावर सुमारे ८८० ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, ६५ ओहमच्या आसपास. त्यातून ७.२ मिलिअँपिअर प्रवाह गेला तर दिव्यावर पडणारे विभवांतर अर्ध्या व्होल्टाहून कमी आणि शक्ती साडेतीन मिलिवॅटहून कमी. तंतू कोमटसुद्धा होत नाही. प्रवाह वाहत असतोच, पण त्याची साक्ष देणारे कोणी नसते.

जानेवारी २०१५ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून एलईडी दिवे मोठ्या प्रमाणावर वाटले गेले आणि खेडोपाडी तंतूचा दिवा मागे पडला. एलईडी दिव्याला तापायचे नसते. अत्यल्प प्रवाहातही तो त्या प्रमाणात प्रकाश देतो. समजा, दिव्यातल्या एलईडींच्या माळेला मिळून ८० व्होल्ट लागतात. सात मिलिअँपिअरची गळती एकदिश केल्यावर सरासरी साडेसहा मिलिअँपिअर होते. म्हणजे अर्धा वॅट. नऊ वॅटच्या दिव्याच्या मानाने हा अठरावा हिस्सा, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला एवढा उजेड पुष्कळ झाला.

काही दिव्यांत माळेच्या आधी प्रवाह सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक मंडल आणि एक धारित्र असतो. गळतीचा प्रवाह थेंबाथेंबाने या धारित्रात साठतो. पुरेशी व्होल्टता झाली की मंडल जागे होते, दिवा चमकतो, साठा संपतो आणि पुन्हा भरणे सुरू होते. रांजणाखालच्या झिरपणाऱ्या पाण्याने भांडे भरावे आणि ते कलंडावे, तसे. समजा आतला धारित्र ४.७ मायक्रोफॅरडचा आहे आणि मंडल १०० व्होल्टला जागे होते. त्यासाठी ०.४७ मिलिकूलोम भार लागेल. साडेसहा मिलिअँपिअरने तो सेकंदाच्या चौदाव्या हिश्शात साठेल, म्हणजे दिवा भरभर फडफडेल. गळती ०.१३ मिलिअँपिअर असेल तर त्याला साडेतीन सेकंद लागतील आणि दिवा सावकाश डोळा मिचकावेल. त्यामुळे एकाच दिव्याची लुकलुक ही गळतीची ढोबळ मोजपट्टी ठरते.

हा ०.१३ चा आकडा हवेतून घेतलेला नाही. पाइपातून शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन तारा हासुद्धा एक धारित्रच असतो, दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरडचा. वीस मीटर लांबीत ०.००२ मायक्रोफॅरड होतात आणि त्यातून ०.१४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. दिव्यातल्या एकदिशकारकातून गेल्यावर त्याची सरासरी ०.१३ भरते. जिन्याच्या दुहेरी बटणांच्या जोडणीत, जिथे एक जिवंत तार दिव्याच्या सुट्या तारेला लांबवर सोबत करते, तिथे स्नबर नसतानाही दिवा मिचकावतो तो यामुळे.

दिव्यापलीकडचा घोटाळा

गळतीचा उपद्रव उजेडापुरता असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. डहाणूच्या चिकूच्या बागेत पंप वेळेवर चालू-बंद करण्यासाठी टायमर बसवला आहे अशी कल्पना करा. टायमरची रिले मोटर थेट चालवत नाही. ती एका लहान रिलेचे वेटोळे चालवते आणि ती रिले स्टार्टरला हुकूम देते. या लहान रिलेच्या २३० व्होल्टच्या वेटोळ्याला जेमतेम पाच मिलिअँपिअर पुरतात. टायमर ‘बंद’ म्हणतो, त्याची टोके उघडतात, पण टोकांवरचा ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर सात मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकतो. रिले सुटणार कशी?

इथे आणखी एक गंमत आहे. वेटोळ्याचा प्रवर्तनामुळे होणारा अडथळा आणि धारित्राचा अडथळा परस्परविरोधी असतात आणि एकसरीत आले की एकमेकांना खोडतात. बारावीच्या पुस्तकातले अनुस्पंदन ते हेच. मूल्ये जुळून आली तर स्नबरमधून आलेल्या गळतीवर वेटोळ्याला जवळजवळ पूर्ण व्होल्टता, क्वचित थोडी जास्तही, मिळू शकते. अशा रिले साधारणपणे व्होल्टता ३० टक्क्यांच्या, म्हणजे ७० व्होल्टांच्या आसपास खाली आल्यावरच सुटतात. परिणाम असा, की पंप थांबत नाही, विहिरीचे पाणी संपते आणि मोटर कोरडी चालून जळते. दोष शोधणारा टायमर बदलतो, रिले बदलतो, आणि चार आण्यांएवढ्या आकाराच्या धारित्राकडे त्याचे लक्ष जात नाही. तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत पॅनेल जोडायच्या कामाला जाणाऱ्या तरुणांनी हा हिशेब पाठच करावा.

टेस्टर काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता सुरक्षेचा प्रश्न. दिवा काढला आणि होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला तर, बटण बंद असूनही, टेस्टर पेटतो. डिजिटल मीटर लावला तर तो सरळ २३० व्होल्ट दाखवतो. कारण मीटरचा रोध कोटी ओहमच्या घरातला, त्यापुढे स्नबरचे ३१,८०० ओहम काहीच नाहीत. तिथेच ६० वॅटचा तंतूचा दिवा जोडला की हे २३० व्होल्ट कोसळून अर्ध्या व्होल्टावर येतात. अशा व्होल्टतेला काही वायरमन ‘खोटा फेज’ म्हणतात.

पण तो तितकासा खोटा नाही. त्या पिनेला आपला हात लागला तर शरीराचा रोध एक-दोन हजार ओहम, स्नबरचा अडथळा ३१,८०० ओहम. प्रवाह स्नबरच ठरवणार, सुमारे सात मिलिअँपिअर. अर्ध्या मिलिअँपिअरला माणसाला मुंग्या जाणवू लागतात. दहाच्या आसपास स्नायू आखडून मोठ्या माणसालाही हात सोडवणे कठीण होते, आणि मुलांच्या बाबतीत ही मर्यादा याहून खाली असते. ३० मिलिअँपिअरपुढे, प्रवाह काही काळ टिकला तर, हृदयाला धोका संभवतो आणि म्हणूनच घरगुती आरसीसीबी ३० वर ठरवलेली असते. सात मिलिअँपिअरने सहसा जीव जात नाही, पण दचका जोराचा बसतो. स्टुलावर किंवा शिडीवर उभा असलेला माणूस त्याने पडतो. शिवाय हा सगळा हिशेब धारित्र धडधाकट असेल तोवरचाच आहे. तो आतून फुटून जोडला गेला तर मध्ये फक्त १०० ओहमचा रोध उरतो आणि बंद बटणापलीकडे खरोखरची जिवंत तार असते. म्हणून या जागी साधा धारित्र चालत नाही. सतत मुख्य पुरवठ्यावर राहण्यासाठी बनवलेला, ‘एक्स-२’ अशी खूण असलेलाच वापरावा. स्वस्त पट्ट्यांवर ही खूण आहे का, ते पाहून घ्यावे.

आता ते जिवावर बेतणारे कारण. कित्येक जुन्या घरांत आणि घाईने केलेल्या जोडणीत बटण फेजच्या तारेत न बसवता न्यूट्रलच्या तारेत बसवलेले असते. दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे लपून राहते. पण बटण बंद असतानाही होल्डरच्या दोन्ही पिना पूर्ण फेजवर असतात. तार आणि ओली भिंत यांच्यामधल्या धारितेतून थोडा प्रवाह जमिनीकडे जातो आणि एलईडी दिवा मंद पेटतो. वरकरणी उजेड तोच, पण इथे हाताला आवर घालणारा स्नबर मध्ये नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह फक्त त्याच्या शरीराचा रोध ठरवेल, आणि तो शंभर-दोनशे मिलिअँपिअर असू शकतो.

म्हणून मंद उजेड दिसला की क्रमाने विचार करावा. दिव्याच्या वाटेत टायमर, फोटोसेल किंवा रिमोटची पेटी आहे का? असेल तर आधी स्नबरवर संशय. बटणावर छोटा लाल इंडिकेटर आहे का? त्या इंडिकेटरचा एक मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह दिव्यातूनच जातो, तोही पुरतो. जिन्याची दुहेरी जोडणी किंवा लांबच लांब तारा आहेत का? मग तारांची धारिता. आणि यांतले काहीच नसेल, साधे बटण आणि जवळचा दिवा असेल, तर न्यूट्रलमधले बटण किंवा ओलीने खराब झालेली तार असे समजून वायरमनला बोलवावे. जाणकार वायरमन बटण बंद ठेवून होल्डरची पीन आणि अर्थिंग यांच्यात तंतूचा तपासणी दिवा धरतो. तो पेटला नाही तर गळती छोटी. लखलखीत पेटला, किंवा घरातली आरसीसीबी पडली, तर पिनेवर खरा फेज आहे. जो दिवा इतकी वर्षे गळतीबद्दल गप्प राहिला, तोच इथे न्यायाधीश होतो. हे काम विद्यार्थ्यांचे नाही आणि हौशी शिक्षकांचेही नाही.

उपाय

जोडलेले साधन वेटोळ्याचे नसेल, म्हणजे एलईडी दिवेच असतील, तर स्नबरची गरजच नसते. त्याशिवायची रिले घ्यावी. वेटोळे असेल तर स्नबर रिलेच्या टोकांवर न लावता वेटोळ्याच्या दोन टोकांवर लावावा. मग रिले उघडताच वेटोळ्यातला प्रवाह स्नबरमधून फिरत विरतो, आणि रिले उघडी असताना स्नबरवर व्होल्टताच नसल्याने गळतीचा प्रश्न येत नाही. धारिता कमी करणे हाही मार्ग आहे, पण तितकी ठिणगी वाढते. व्होल्टता ठरावीक मर्यादेपुढे गेली तरच वाहू लागणारा व्हॅरिस्टर टोकांवर लावला तर एरवीची गळती मायक्रोअँपिअरमध्ये राहते.

स्नबर काढता येत नसेल तर दिव्याला समांतर दुसरी वाट देतात. १०,००० ओहमचा रोध लावला तर दिवा बंद असताना तो गळती पिऊन टाकील, पण दिवा चालू असताना स्वतः पाच वॅटहून अधिक खाईल. नऊ वॅटच्या दिव्यावर पाच वॅटचे पाहुणे! त्याऐवजी एक मायक्रोफॅरडचा एक्स-२ धारित्र, अर्थात एकसरीत लहान रोधासह, लावला तर विभवांतर दोन धारित्रांत वाटले जाते. दिव्याच्या वाट्याला २३० चा अकरावा हिस्सा, म्हणजे २१ व्होल्ट येतात आणि तो पेटत नाही. धारित्र शक्ती जवळजवळ खात नाही, हा त्याचा फायदा.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सगळे बारा व्होल्टवर निर्धोकपणे दाखवता येते. १२ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह देणारा बंदिस्त ट्रान्सफॉर्मर घ्या. मोबाइलचा चार्जर चालणार नाही, कारण तो एकदिश प्रवाह देतो. दोन लाल एलईडी परस्परविरुद्ध दिशांनी समांतर जोडा, त्यांच्या एकसरीत १,००० ओहमचा रोध आणि एक बटण घाला. बटण दाबले की सुमारे दहा मिलिअँपिअरवर एलईडी स्वच्छ पेटतील. आता बटणाला समांतर एक मायक्रोफॅरडचा धारित्र जोडा. तो ध्रुव नसलेला हवा. बटण उघडले तरी सुमारे तीन मिलिअँपिअरवर एलईडी पेटलेले राहतील. धारित्र ०.१ मायक्रोफॅरडचा केला की प्रवाह दहाव्या हिश्शावर येईल. ०.०१ चा लावून खोली अंधारी केली तरी मिणमिण दिसेल. मग एलईडी आणि रोध काढून त्या जागी १२ व्होल्टचा लहान तंतूचा दिवा लावा. बटण उघडल्यावर तो तिन्ही वेळा काळाच राहील. विद्यार्थ्यांनी आधी आकडे काढावेत आणि मग बटण उघडावे, म्हणजे सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

मोठ्या बटणांचा धडा

डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राचे २५० मेगावॅटचे दोन संच १९९५ पासून काम करू लागले. त्यांची वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते, तर डहाणू-तलासरीच्या पाड्यांना महावितरणच्या तारांनी वीज मिळते. तारा कोणाच्याही असोत, उच्चदाबाच्या कामात एक नियम सर्वत्र सारखा आहे. चारशे किलोव्होल्ट आणि त्यावरच्या अनेक ब्रेकरांत टोकांच्या एकाहून अधिक जोड्या असतात आणि त्यांच्यावर व्होल्टता सारखी वाटली जावी म्हणून प्रत्येक जोडीला समांतर धारित्र बसवतात. ब्रेकर उघडला तरी या धारित्रांतून प्रवाह जातच राहतो. पडवीतल्या दिव्याचीच ही मोठी आवृत्ती. म्हणून ब्रेकर उघडला एवढ्यावर तिथे कोणी तारेला हात लावत नाही. डोळ्यांना फट दिसेल असा आयसोलेटर उघडतात, तार मृत असल्याची उपकरणाने खात्री करतात, आणि मग तिला अर्थिंग जोडूनच काम सुरू करतात. गावातल्या डीपीवर चढणाऱ्या लाइनमनलाही हाच क्रम शिकवलेला असतो.

घरात आणि शाळेत याचे रूप सोपे आहे. दिवा बदलायचा, पंखा उतरवायचा किंवा पंपाची पेटी उघडायची असेल तर खोलीतले बटण, टायमर, रिमोट यांतल्या कशावरही विसंबू नये. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा मेन स्विच बंद करावा आणि तो दुसरे कोणी चालू करणार नाही याची सोय करावी. भूकंपाच्या धक्क्यानंतर किंवा पुराचे पाणी ओसरल्यावर घरात जातानाही हेच करावे. बटण उजेड बंद करण्यासाठी असते आणि मेन स्विच वीज बंद करण्यासाठी. या दोहोंत सात मिलिअँपिअरचा फरक असू शकतो, किंवा एका जिवाचाही.